शनिवारी खांद्यावर, सोमवारी कोपऱ्यात: नवे पाळीव उंदीर पुन्हापुन्हा का बुजतात

शनिवारी रात्री उंदीर बाहीतून चढून खांद्यावर आला, कानाला मिशा लावून गेला. सोमवारी हात पिंजऱ्यात जाताच तोच उंदीर डब्यामागे दडून बसला. हे एकदा झालं तर सोडून द्या, त्यांचाही दिवस वाईट असू शकतो. आमच्याकडे मात्र हे ओळीने पाच आठवडे झालं, आणि त्यातला बराच काळ मी भलत्याच गोष्टीला दोष देत बसलो होतो.

संक्रांत झाली त्या आठवड्यात आम्ही ठाण्याच्या घरी दोन नर आणले, साधारण सहा-सात आठवड्यांचे. एकाचं डोकं काळं आणि बाकी अंग पांढरं, दुसरा ढेपेच्या रंगाचा. लेकीने लगेच नावं ठेवली, तीळ आणि गूळ. दुकानदाराने दोघांना शेपटीला धरून उचललं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकलं. मीही तेव्हा ते पाहून काही बोललो नाही. उंदीर असेच उचलतात अशी माझीही समजूत होती.

पहिले दोन-तीन आठवडे मी ठरवून टाकलं होतं की ही पोरं मुळातच भित्री आहेत. मग वाटलं थंडीमुळे असेल. मग लेकीच्या आरडाओरड्यावर खापर फोडलं, तिला बिचारीला दोन दिवस कुजबुजत बोलायला लावलं. ती म्हणाली, "बाबा, सिद्धिविनायकाला चांदीच्या उंदराच्या कानात बोलतात तसं बोलू का?" हळू बोलण्याने नुकसान काहीच झालं नाही, पण सोमवार सुधारला नाही.

शेवटी वही काढली. रोज रात्री उंदरांबरोबर बसून झालं की पाचपैकी गुण द्यायचे. हात पाहून पळाले तर १, जागेवर थांबले तर २, वास घ्यायला आले तर ३, हातावर चढले तर ४, अंगावर आपणहून फिरले तर ५. दोन आठवड्यांची पानं समोर ठेवली तेव्हा चढण स्वच्छ दिसली: सोमवारी १, मंगळवारी २, बुधवार-गुरुवारी ३, शुक्रवारी ४, शनिवारी ४ किंवा ५. आणि पुन्हा सोमवारी १. रविवारचा रकाना दोन्ही पानांवर रिकामा होता, कारण रविवारी मी त्यांच्याबरोबर बसतच नसे. रविवार पिंजरा धुण्याचा.

रविवारी काय व्हायचं ते सांगतो. उंदीर घरात ठेवायला आईने परवानगी दिली ती एका अटीवर, दर रविवारी पिंजरा फिनेलने धुवायचा. सकाळी अकराला मी तयार व्हायचो. उंदीर संध्याकाळनंतर जागणारे प्राणी, म्हणजे अकरा वाजता ते झोळीत एकमेकांच्या अंगावर गाढ झोपलेले. मी वरून हात घालून एकेकाला उचलायचो आणि झाकणाच्या बादलीत ठेवायचो. पिंजरा गॅलरीत, सगळे कागद कचऱ्यात, झोळी धुवायला, डबा, नळी, पाण्याची बाटली सगळं फिनेलच्या पाण्यात. तासाभराने चकचकीत पिंजऱ्यात दोघांना परत सोडायचो आणि मनात म्हणायचो, आता कसे खूश होतील.

हेच आता त्यांच्या बाजूने पाहा. भर झोपेत घारीसारखा वरून पंजा आला. अंधारी डगमगती जागा. परत आले तर घर तेच, पण ओळखीचा एकही वास नाही, उलट नाक झोंबणारा एक वास भरून राहिलेला. आणि दुसऱ्या दिवशी त्याच वासाचा तोच हात खाऊ घेऊन पुढे येतो.

उंदराची नजर अधू असते, लाल डोळ्यांच्या पांढऱ्या उंदरांची तर जास्तच. जग त्याला कळतं ते नाकाने, मिशांनी आणि कानाने. चालता चालता तो लघवीचे बारीक थेंब टाकत जातो, तुमच्या हातावरसुद्धा. आपल्याला ती घाण वाटते, त्याच्यासाठी ती दारावरची पाटी आहे. सगळ्या पाट्या एकदम पुसल्या की तो घाईघाईने नव्या लावतो, म्हणजे जास्त मुततो, म्हणजे पिंजऱ्याला लवकर वास येतो, म्हणजे आई म्हणते आठवड्यातून दोनदा धू. हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं, आणि ते उंदीर तोडू शकत नाहीत.

बदललं काय ते सांगतो.

फिनेल बंद. उंदरांची श्वसनसंस्था नाजूक असते, बहुतेक पाळीव उंदरांच्या अंगात मायकोप्लाझ्माचा जंतू मुळातच असतो आणि उग्र वासाने तो डोकं वर काढायला निमित्त मिळतं. लाकडाचा भुसा वापरत असाल आणि तो देवदार किंवा चीडसारख्या वासाच्या लाकडाचा असेल तर तोही त्याच कारणाने बाद. आता आम्ही साधा भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी वापरतो, मग नुसत्या पाण्याने खळबळून पूर्ण वाळवतो. आईची समजूत काढायला अर्धी वाटी व्हिनेगर बादलीभर पाण्यात घालतो, तिला वास आल्याशिवाय स्वच्छ वाटत नाही.

पिंजरा एकदम सगळा धुवायचा नाही. एका खेपेला खालचा ट्रे आणि कागद, तीन-चार दिवसांनी झोळी आणि डबा. कागद बदलताना जुन्यातले कोरडे मूठभर नव्यात मिसळायचे. एका कोपऱ्यात पसरट डबा ठेवून त्यात त्यांच्या लेंड्या टाकत गेलो, तर पंधरा दिवसांत दोघांनी लेंड्यांपुरता तो कोपरा मान्य केला. लघवीचं तसं काही ठरलं नाही. पण रोज तेवढा कोपरा उपसला की बाकी पिंजरा बराच टिकतो. साफसफाई कमी करा असं मी म्हणत नाही. मुताचा अमोनिया साचला तर त्यांच्याच फुप्फुसांना त्रास, तेव्हा थोडी-थोडी आणि वारंवार करा.

तिसरा बदल सगळ्यात कामाचा. धुण्यासाठी त्यांना पकडायचं नाही. संध्याकाळी सात-साडेसातला, जागे झाल्यावर, पिंजऱ्याच्या दाराशी पुठ्ठ्याचा ओळखीचा डबा लावायचा, आत भाताची चार शितं. ते आपणहून शिरतात. डबा उचलून पलंगावर, तिथे लेक त्यांच्याबरोबर बसते, मी पिंजरा आवरतो. परत ठेवल्यावर लगेच रात्रीचं जेवण.

लगेच गुण वाढले नाहीत. बदलानंतरचा पहिला सोमवार २, पुढचा २, त्यापुढचा ३. उंदीर विसरतो, पण सावकाश.

तुमचा रविवार कदाचित गुरुवार असेल

तुमच्या घरी साफसफाई नीट होत असेल आणि तरी उंदीर ठरावीक दिवसांनी बुजत असतील तर वही करा. गुणांसमोर त्या दिवशी घरात काय झालं ते एका ओळीत लिहा. मी ओळखीच्या तीन-चार उंदीरवाल्यांना हे करायला लावलं. एकीकडे कामवाल्या मावशी आठवड्यातून एकदा पिंजऱ्याखाली उग्र वासाच्या पाण्याने पुसत होत्या. एकाचा भाचा शनिवारी यायचा आणि जाळीतून पेन घालायचा. एकाकडे तर जे निघालं ते पाहून आम्ही दोघं हसत सुटलो: पिंजऱ्याशेजारच्या सॉकेटमध्ये उंदीर पळवायचं अल्ट्रासोनिक यंत्र. ते वर्षानुवर्षं तिथे होतं आणि घरातली माणसं रात्री दिव्याबरोबर त्याचंही बटण दाबत. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, उंदराला सुमारे ८० पर्यंत. आपल्याला शांत वाटणारी खोली त्याच्यासाठी गिरणीसारखी असू शकते. पिंजऱ्याजवळचे चार्जर, दिवे, टीव्ही एकेक बंद करून पाहा, फुकटची तपासणी आहे.

आणखी एक छुपं कारण म्हणजे परत पिंजऱ्यात घालणं. उंदीर अर्धा तास पलंगावर मजेत हुंदडतो, मग हात येतो आणि खेळ संपतो. रोज असंच होत राहिलं की हात म्हणजे खेळ संपल्याची घंटा. मग लोक सांगतात, "बाहेर छान असतो हो, पकडायला गेलं की पळतो." खेळाच्या मध्येच तीन-चार वेळा उचला, खाऊ द्या, पुन्हा सोडा. उचलण्याचा अर्थ दर वेळी पिंजरा असा राहिला नाही की पळणं कमी होतं.

हात कुठून येतो

वरून येणारा हात म्हणजे घार किंवा मांजर. हे शिकवावं लागत नाही, ते जन्मजात आहे. तळहात वर करून, जमिनीलगत, बाजूने न्या आणि थांबा. वास घेऊ द्या. दुसऱ्या हाताने मागचे पाय आधाराला. छातीखाली एक हात आणि बुडाखाली दुसरा, आणि लगेच अंगाशी धरा. उंदीर लटकत राहिला तर तो धडपडतो, नखं मारतो, आणि आपण दचकून सोडतो, म्हणजे दोघांचाही धडा चुकीचा.

शेपटीला धरून उचलू नका. टोकाकडे धरली तर शेपटीवरची कातडी मोज्यासारखी निघून येते आणि उरलेला भाग सुकून गळतो. आमच्या दुकानदाराला हे माहीत नसावं किंवा फिकीर नसावी. मानगुटीला धरणंही नको, ते मांजरीच्या पिलांचं काम.

हाताला वास कसला आहे हेही पाहा. कांदा-लसूण, सॅनिटायझर, जिन्यातल्या मांजराला केलेला लाड, सगळं त्याला कळतं. पाण्याने आणि बिनवासाच्या साबणाने हात धुऊन बसा. बापमाणसांसाठी एक जास्तीची गोष्ट. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की पुरुषाच्या नुसत्या वासाने, त्याने घातलेल्या टीशर्टनेसुद्धा, प्रयोगशाळेतल्या उंदरांवर ताण येतो, बाईच्या वासाने तसा येत नाही. सरावाने तो ताण ओसरतो. हे वाचल्यावर माझ्या मनाला जरा बरं वाटलं, कारण दोघेही बायकोकडे पहिल्या आठवड्यातच गेले होते आणि ती त्यांच्यासाठी काही म्हणजे काही करत नव्हती. मी रात्री घालून झोपलेला जुना बनियन पिंजऱ्यात टाकला. दोन दिवसांत त्याला भोकं पडली आणि गूळ त्यातच झोपू लागला. ते प्रेम होतं की सूत आवडलं, सांगता येत नाही, पण माझा वास रोज त्यांच्या नाकात जात राहिला हे खरं.

खाऊ कोरडा नको

सुरुवातीला मी शेंगदाण्याचे तुकडे देत होतो. तीळ विजेसारखा यायचा, तुकडा उचलायचा आणि डब्यामागे पळायचा. महिनाभर दिले असते तरी तो एवढंच शिकला असता, हात म्हणजे चोरी करून पळायची जागा.

चाटायचं काहीतरी द्या. नाचणीची घट्टसर पेज बिनमीठ-बिनसाखरेची, कुस्करलेलं केळं, चमच्याच्या टोकाला दह्याचं बोट. चाटायचं म्हणजे थांबावं लागतं. चमचा लांब दांड्याचा घ्या. पहिल्या दिवशी दांड्याचं टोक हातात, मग रोज दोन बोटं पुढे सरका, मग पेज तळहातावर. आमच्याकडे चमच्यापासून तळहातापर्यंत नऊ दिवस लागले. चमचा ओढून न्यायचा प्रयत्न होतो, घट्ट धरून ठेवा. आणि हातावर चढल्याशिवाय खाऊ पोचणार नाही अशी जागा धरा, म्हणजे मांडी ओलांडून पलीकडे.

जाळीतून मात्र काहीही भरवू नका. जाळीतून आलेली प्रत्येक गोष्ट खाण्याची असते हा नियम उंदीर एका दिवसात शिकतो, आणि पुढे जाळीतून पाहुण्याचं बोट येतं. चावा बसल्यावर लोक उंदराला शिव्या देतात.

चावला म्हणजे काय झालं

हळूच दात टेकवले आणि सोडले, त्वचा फुटली नाही, तर तो प्रश्न विचारतोय: हे खायचं आहे का? हात झटकू नका. उंदराचं पिल्लू ओरडेल तसं "ई" करून एकदा ओरडा आणि हात तसाच ठेवा. पिलं आपापसांत खेळताना असंच करतात. घाबरून चावलं तर दात खोल जातात आणि तो लगेच मागे सरतो. तिथे चूक बहुतेक आपली असते, कोंडून धरलेलं असतं किंवा झोपेतून उठवलेलं असतं. जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने नीट धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आहे का पाहा, आणि पुढच्या दिवसांत ताप किंवा अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांना उंदीर चावल्याचं आठवणीने सांगा.

तिसरा प्रकार वेगळा. पाच-सहा महिन्यांचा नर, आजवर गुणी, अचानक केस फुलवून तिरका चालत येतो, फुसकारतो, जोडीदाराला आणि तुम्हाला खोल चावतो. ते नराच्या हार्मोन्सचं काम आहे. तिथे चमचा-पेज काम करत नाही. खच्चीकरणाने बहुतेक वेळा फरक पडतो, पण छोट्या प्राण्यांना भूल देण्याचा हात असलेला पशुवैद्य शोधावा लागतो. गाई-म्हशींच्या किंवा कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच डॉक्टरांना तो सराव नसतो, आधी फोन करून विचारा.

शांत बसला म्हणजे रमला असं नाही

ही चूक मी तीन आठवडे केली. गूळ हातात घेतला की दगडासारखा बसायचा आणि मी व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवायचो. आता तो व्हिडिओ पाहिला की लाज वाटते. डोळे बटणासारखे, कान मागे, अंग ताठ, हातावर दोन लेंड्या. घाबरलेला उंदीर पळू शकत नसेल तर गोठतो.

रमलेल्या उंदराचं अंग मऊ पडतं, तो आजूबाजूला नाक फिरवतो, स्वतःचं अंग चाटायला घेतो. घाबरलेला उंदीर सवडीने तोंड धूत बसत नाही. पुढच्या पायरीवर दात करकर वाजवतो, आणि त्याबरोबर डोळे आत-बाहेर थरथरतात, कारण जबड्याचा एक स्नायू डोळ्याच्या खोबणीतून जातो. पहिल्यांदा पाहाल तर फिट आली असं वाटेल. आमच्या आईने देवाचं नाव घेतलं होतं. ती खुशीची खूण आहे. फक्त दुखत असताना किंवा ताण असतानाही दात वाजतात, म्हणून बाकीचं अंग पाहून ठरवा.

डोळ्याच्या आणि नाकाच्या कडेला लालसर-तपकिरी दिसलं तर बहुधा ते रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारा पोर्फिरिनचा रंग तो. थोडासा झोपेतून उठल्यावर असतो. सारखा दिसत राहिला तर ताण किंवा आजार. लाल डोळ्यांचा उंदीर मान डावी-उजवीकडे डोलवत असेल तर घाबरू नका, नजर कमी म्हणून अंतराचा अंदाज घेतोय.

वाट पाहायची की उचलायचं

उंदीर पाळणाऱ्यांत यावरून भांडणं होतात. एक पक्ष म्हणतो तो येईल तेव्हा येईल, हातच लावू नका. दुसरा म्हणतो पहिल्या दिवसापासून शर्टात घालून फिरा. माझं मत विचाराल तर पहिले दोन दिवस नुसतं पिंजऱ्याजवळ बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचा, मग रोज एकत्र बसायला लागा. महिनोन्महिने वाट पाहणाऱ्यांचे उंदीर मी पाहिलेत. ते पिंजऱ्यातून माणूस बघायला शिकतात, एवढंच. पण कोपऱ्यात गाठून उचलणं हेही नको. डबा किंवा नळीतून बाहेर आणा, आणि बाहेर आणल्यावर त्यांना दुसरं मोठं काही नसेल अशा जागी बसा, म्हणजे सगळ्यात रंजक वस्तू तुम्हीच. आणि लवकर उठू नका. आमचे पहिली १५ मिनिटं कडेकडेने पळतात, खरी भेट त्यानंतर सुरू होते. दहा मिनिटांत आवरतं घेणारा रोज फक्त भीतीचा भाग पाहतो.

परदेशातली माहिती वाचलीत तर कोरड्या बाथरूममध्ये बसा असं सापडेल. आपल्याकडे ते करताना मोरीची जाळी पाहा. नहाणी ट्रॅपचं झाकण उंदीर नाकाने उचलतो आणि मग तो थेट ड्रेनेजमध्ये. आम्ही पलंग वापरतो, वर जुनी गोधडी, कडेला उशांची भिंत. तासाभराच्या बैठकीला स्वेटशर्टासारखं काही घाला, बाह्या आणि खिसा हे त्यांच्यासाठी बिळंच. खोलीत मोकळे सोडणार असाल तर फ्रिजमागे कधीकाळी टाकलेली विषाची वडी आणि चिकट पुठ्ठा आधी शोधा. उंदराला उलटी होत नाही, एकदा गिळलं की बाहेर येत नाही. घराघरांत ते पडलेलं असतं आणि कुणाच्या लक्षात नसतं.

पिंजरा गॅलरीत ठेवू नका. दाण्याच्या वासाने रात्री गटारातले उंदीर येतात, जाळीवर मुततात, आणि लेप्टोस्पायरोसिस मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात काय करतो ते सांगायला नको. पाळीव उंदीर आणि गटारातला उंदीर हे नात्याने जवळचे, पण व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनचा जॅक ब्लॅक नावाचा उंदीरपकड्या वेगळ्या रंगाचे उंदीर मारायच्या ऐवजी राखून त्यांची पैदास करू लागला, तेव्हापासून दीडशेहून जास्त वर्षं पाळलेल्यांची निवड होत आली आहे. म्हणून बाहेर सापडलेलं पिल्लू घरी आणून हेच उपाय करू नका. तिथे ते चालत नाहीत.

एक प्रयोग करून पाहण्यासारखा. अमेरिकेत ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात मेंदूशास्त्रज्ञ याक पँकसेप यांनी १९९० च्या दशकात उंदरांना गुदगुल्या केल्या आणि ते ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवतात हे यंत्रावर ऐकलं. आपल्याला काही ऐकू येत नाही. पण पिलं एकमेकांच्या मानेमागे नाक खुपसून उताणं पाडतात तसं बोटांनी मानेमागे हलकं खुपसा, उलटा पाडा, सोडा, हात लांब न्या. आवडलं तर तो हाताचा पाठलाग करतो. आमचा गूळ करतो. तीळला अजिबात आवडत नाही, तो उठून निघून जातो, आणि त्याच्याबरोबर मी ते करत नाही.

एकटा उंदीर असेल तर हे सगळं करूनही काहीतरी अडतंच. तो कळपातला प्राणी. दुसरा आणा, त्याच लिंगाचा, आणि दुकानदाराच्या शब्दावर न जाता स्वतः शेपटीखाली पाहून. पाच-सहा आठवड्यांत पिलं वयात येतात आणि गर्भ तीन आठवड्यांचा, हिशोब तुम्हीच करा.

दोन गोष्टींना बुजणं समजू नका. चांगला माणसाळलेला उंदीर महिन्या-दोन महिन्यांनी अचानक हात टाळायला लागला, अंग फुगवून बसला, श्वासाला घरघर आली, तर तो आजारी आहे. कान त्याच्या बरगडीला लावून ऐका. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर आठवड्याला वजन लिहा, आजार डोळ्यांना दिसायच्या आधी आकड्यात दिसतो. नव्या घरी आल्यावर चार दिवस शिंका येतात त्या चालतील. आठवड्यानंतरही येत असतील तर डॉक्टर.

दुसरी गोष्ट उलटी. मार्च संपता संपता गूळ अचानक फारच लाडात आला, तासन्‌तास मांडीवर आडवा. मी वहीत सलग तीन वेळा ५ लिहिलं. मग शेपटीला हात लागला तर ती तापलेली होती. उंदराला घाम येत नाही, तो उष्णता शेपटीतून सोडतो, आणि पारा ३० च्या पुढे गेला की त्याला जड जातं. माणसाळणं वगैरे काही नव्हतं, उकाड्याने गळाला होता. आता दुपारी फरशीचा एक तुकडा फ्रिजमध्ये ठेवून पिंजऱ्यात देतो आणि गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून झोळीजवळ टेकवतो. पंख्याचा झोत थेट नको. ते तीनही ५ मी खोडले.

काल सोमवार होता. वहीत लिहिलंय: रात्री ९:१०, फरशी थंड, शेपट्या थंड. गूळ बाहीत शिरून झोपला. तीळ आधी चष्म्याच्या काडीपर्यंत चढला, ती कुरतडली, मग खाली उतरून वहीचा कोपरा फाडून झोळीत घेऊन गेला. ४.